इतरांच्या श्वासासाठी : शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन

विद्यार्थी मित्रांनो, हे वाचता वाचता क्षणभर श्वास रोखून पाहा. पहिले काही सेकंद काहीच वाटत नाही. मग छातीत एक ओढ सुरू होते, ती वाढत जाते, आणि कितीही निश्चय केला तरी थोड्याच वेळात श्वास घ्यावाच लागतो. ही ओढ कशामुळे लागते? बहुतेक जण सांगतील की शरीरातला ऑक्सिजन संपत आला म्हणून. उत्तर पटण्यासारखे आहे, पण ते बरोबर नाही. बरोबर उत्तर ज्यांनी प्रयोगाने शोधले आणि त्या शोधाचा उपयोग खाणीत राबणाऱ्या मजुरांचे प्राण वाचवण्यासाठी केला, त्या जॉन स्कॉट हाल्डेन यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

त्याआधी श्वसनाची थोडी उजळणी करू. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. तो खाली सरकला, बरगड्या वर उचलल्या गेल्या, की छातीची पोकळी मोठी होते आणि हवा आपोआप आत येते. नाकातून श्वासनलिकेत, तिथून दोन श्वसनींत आणि त्यांच्या बारीक बारीक फांद्यांतून ती वायुकोशांपर्यंत पोहोचते. हिंदी पाठ्यपुस्तकात यांनाच कूपिका म्हटले आहे. दोन्ही फुप्फुसांत मिळून असे तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात, आणि ते सगळे उलगडून पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. प्रत्येक वायुकोशाभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा इतका पातळ असतो की ऑक्सिजन हवेतून रक्तात आणि कार्बन डायऑक्साइड रक्तातून हवेत सहज जातो. ज्या बाजूला ज्या वायूचा दाब जास्त, तिकडून तो कमी दाबाकडे जातो, इतकाच नियम. रक्तात आलेला ऑक्सिजन तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन उचलून शरीरभर पोहोचवते. आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर टाकतो त्या हवेत सुमारे १६ टक्के. कार्बन डायऑक्साइड मात्र जाताना ०.०४ टक्के असतो आणि येताना चार टक्क्यांच्या आसपास. हा सगळा व्यवहार आपल्या नकळत, झोपेतसुद्धा, मिनिटाला बारा ते सोळा वेळा चालू असतो. तो कमीजास्त कोण करतो, हा हाल्डेन यांच्यापुढचा प्रश्न होता.

हाल्डेन यांचा जन्म १८६० मध्ये स्कॉटलंडमधील एडिनबरा येथे झाला. घराणे सुखवस्तू आणि विद्याव्यासंगी होते. मामा जॉन बर्डन सँडरसन ऑक्सफर्डला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते, तर बंधू रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री झाले. जॉन यांनी एडिनबरा विद्यापीठातून १८८४ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. दवाखाना उघडून बसले असते तर आयुष्य आरामात गेले असते. पण माणसे ज्या हवेत राहतात ती हवाच तपासावी, असे त्यांच्या मनाने घेतले.

सुरुवात झाली डंडी या औद्योगिक शहरात. रसायनशास्त्राचे प्राध्यापक कार्नेली यांच्यासह हाल्डेन मध्यरात्रीनंतर गरिबांच्या वस्त्यांत जात, झोपलेल्या कुटुंबांना उठवत आणि खोलीतल्या हवेचे नमुने बाटल्यांत भरून घेत. एका खोलीची घरे, दोन खोल्यांची घरे आणि मोठी घरे यांची त्यांनी तुलना केली. शाळांच्या वर्गांतील हवाही त्यांनी तपासली. दाटीवाटीने भरलेल्या आणि बंद वर्गांतील हवा खराब असते, तर जिथे यंत्राने हवा खेळती ठेवली जाते तिथे ती पुष्कळ चांगली असते, असे आकडे त्यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केले. शाळेच्या इमारतीचा विचार करताना भिंती आणि बाकांइतकाच हवेचाही विचार करावा लागतो, हे अशा आकड्यांनी दाखवून दिले.

त्याच वर्षी ते ऑक्सफर्डला मामांच्या विभागात आले. त्या काळी असा समज होता की उच्छ्वासातून एखादे सेंद्रिय विष बाहेर पडते आणि त्यामुळे बंद खोलीत जीव घुसमटतो. हाल्डेन आणि त्यांचे सहकारी लॉरेन स्मिथ यांनी हवाबंद पेटी बनवली आणि प्रयोगासाठी स्वतःच आत बसले. आतली हवा पुन्हा पुन्हा श्वासात घेताना कार्बन डायऑक्साइड तीन-चार टक्क्यांवर गेला, की धाप जाणवू लागे. पण तो वायू रसायनाने शोषून घेतला, तर ऑक्सिजन बराच कमी होईपर्यंत धाप लागत नसे. त्या गूढ विषाचा कुठेच पत्ता लागला नाही. प्रयोग आधी स्वतःवर करायचा आणि मग इतरांना सांगायचे, ही त्यांची पद्धत इथून जी सुरू झाली ती जन्मभर टिकली.

१८९५ मध्ये त्यांनी याहून धोक्याचे पाऊल उचलले. कोळसा किंवा लाकूड अर्धवट जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. त्यामुळे हवेत ऑक्सिजन भरपूर असला तरी रक्त तो उचलू शकत नाही. हा वायू नेमका किती प्रमाणात आणि किती वेळात घातक ठरतो, हे जाणण्यासाठी हाल्डेन यांनी तो मोजून स्वतःच्या श्वासात घेतला आणि थोड्या थोड्या वेळाने आपले रक्त तपासले. निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन निकामी होईपर्यंत त्यांनी नोंदी चालू ठेवल्या. शेवटी त्यांना धड उभे राहता येईना, नीट दिसेना. अर्थात, असा प्रयोग शिकवणीत ऐकण्यासाठी आहे, करून पाहण्यासाठी कदापि नाही.

या ज्ञानाची कसोटी लगेच लागली. जानेवारी १८९६ मध्ये दक्षिण वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे आणि मुले दगावली. त्या काळी लहान मुलेही खाणीत कामाला असत. खाणीतले मृत्यू स्फोटाच्या तडाख्याने होतात अशीच सर्वांची समजूत होती. हाल्डेन यांनी प्रत्यक्ष जाऊन मृतदेह तपासले. पुष्कळांच्या अंगावर मोठी जखम नव्हती आणि त्वचेवर विचित्र गुलाबी झाक होती. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त असेच लालभडक दिसते. बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे, तर स्फोटानंतर बोगद्यांत पसरलेल्या या वायूने घेतला होता. सरकारला दिलेल्या अहवालात त्यांनी हे सप्रमाण मांडले. याचा अर्थ दुःखद होता आणि आशादायकही. स्फोटातून वाचलेल्या माणसाला वायूची सूचना वेळीच मिळाली आणि सुटकेची साधने हाताशी असली, तर तो घरी परत येऊ शकत होता.

सूचना द्यायची कशी? हाल्डेन यांनी सुचवले की खाणीत लहान प्राणी बरोबर न्यावेत. उंदीर किंवा छोटा पक्षी माणसापेक्षा फार जलद श्वास घेतो, त्याच्या शरीराचा व्यवहारही भराभर चालतो, म्हणून विषारी वायूचा परिणाम त्याच्यावर आधी दिसतो. पुढे कॅनरी पक्षी अधिक सोयीचा ठरला, कारण तो दांडीवर डोलू लागला की लांबूनही कळते. काही पिंजऱ्यांना ऑक्सिजनची छोटी नळकांडी जोडलेली असे, म्हणजे पक्ष्यालाही पुन्हा सावध करता येई. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांची जागा विजेवर चालणाऱ्या उपकरणांनी घेतली.

हाल्डेन यांचा मुलगा जॅक लहानपणापासून वडिलांबरोबर खाणीत उतरत असे. एकदा वडिलांनी त्याला एका बोगद्यात उभे राहून शेक्सपियरच्या ज्युलियस सीझर नाटकातील अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. थोड्या ओळी होतात न होतात तोच मुलाचे पाय लटपटले आणि तो खाली बसला. जमिनीलगत मात्र त्याला बरे वाटले. मिथेन वायू हवेहून हलका असतो, छताशी साठतो आणि तिथली ऑक्सिजनची जागा अडवतो, हा धडा तो मुलगा कधीच विसरला नाही. आजच्या पालकांना ही पद्धत मान्य होणार नाही, आणि आम्हीही तिची शिफारस करणार नाही. पण शिकवणारा आधी स्वतः त्या जागी उभा राहिलेला होता, एवढे मात्र खरे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. १९०५ मध्ये हाल्डेन आणि जॉन गिलीज प्रीस्टली यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. (ऑक्सिजनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते जोसेफ प्रीस्टली वेगळे, ते शंभर वर्षांपूर्वीचे.) या दोघांनी वायुकोशातली हवा मिळवण्याची सोपी युक्ती काढली. लांब नळीत जोराने उच्छ्वास सोडायचा आणि त्याचा अगदी शेवटचा भाग तपासायचा, कारण तोच फुप्फुसाच्या तळातून येतो. मग त्यांनी ही तपासणी बेन नेव्हिस या उंच पर्वतावर केली, कॉर्नवॉलच्या खोल खाणीत केली आणि दाबाखालच्या हवेच्या खोलीतही केली. बाहेरच्या हवेचा दाब बदलला तरी वायुकोशातील कार्बन डायऑक्साइडचा दाब जवळजवळ तेवढाच राहिला. जणू शरीर त्यावर सतत पहारा ठेवत होते. वायुकोशात हा वायू एका टक्क्याच्या केवळ पाचव्या हिश्शाएवढा वाढला, तरी फुप्फुसात खेळणारी हवा जवळपास दुप्पट होते, असे त्यांना आढळले.

म्हणजे श्वास रोखल्यावर लागणारी ती ओढ मुख्यतः साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी असते. तो वाढला की रक्ताची आम्लता वाढते, मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला ते कळते आणि श्वास जलद व खोल होतो. धावताना लागणारी धापही बऱ्याच अंशी याच कारभाराचा भाग आहे. ऑक्सिजनची नोंद घेणारे छोटे अवयव मानेतल्या रक्तवाहिन्यांजवळ असतात, हे पुढे १९३० च्या सुमारास उलगडले. पण ऑक्सिजन बराच उतरल्याशिवाय ते जोराने जागे होत नाहीत.

या शोधात एक धोक्याचा इशारा लपलेला आहे. ज्या जागी ऑक्सिजन नाही, पण कार्बन डायऑक्साइडही फारसा साठलेला नाही, तिथे माणसाला घुसमट जाणवत नाही. धाप नाही, वास नाही, भीती नाही. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते आणि माणूस कोसळतो. खाणीतल्या अशा हवेचे पृथक्करणही हाल्डेन यांनीच केले होते. तीत मुख्यतः नायट्रोजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड असतो, असे त्यांना दिसले. आपल्याकडे जमिनीखालच्या पेवात धान्य साठवत असत. पेव उघडल्याबरोबर आत उतरायचे नाही, काही काळ ते उघडे ठेवायचे, असे जुनी माणसे बजावत. धान्यही श्वास घेते आणि आतला ऑक्सिजन संपवते, हे त्यामागचे कारण. वापरात नसलेली विहीर, गटाराची टाकी, बंद टाके यांचीही तीच गत. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या मध्य प्रदेशातील खंडवा जिल्ह्यात कोंडावत गावी गणगौरच्या विसर्जनासाठी विहीर साफ करताना आठ जणांचा जीव गेला. एकाला वाचवायला दुसरा उतरला, दुसऱ्याला वाचवायला तिसरा. ती माणसे धाडसी होती. धोक्याची जाणीव करून देणारी हाल्डेन यांची ही गोष्ट मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती, असेच म्हणावे लागते.

हाल्डेन यांचे काम खाणींपुरते थांबले नाही. खोल पाण्यातून झटकन वर येणाऱ्या पाणबुड्यांच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन त्यांना लकवा होत असे, कधी मृत्यूही येत असे. बोकड-शेळ्यांवर आणि मग माणसांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची कोष्टके त्यांनी १९०८ मध्ये सहकाऱ्यांसह तयार केली. १९११ मध्ये ते अमेरिकेतील पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंच शिखरावर सहकाऱ्यांसह पाच आठवडे राहिले. विरळ हवेत श्वास खोल होतो आणि रक्तातील हिमोग्लोबिन वाढते, हे त्यांनी पाहिले. या मोहिमेत मेबल फिट्झजेराल्ड नावाच्या संशोधिकाही होत्या. डोंगरातल्या निरनिराळ्या उंचीवरच्या खाणवस्त्यांत जाऊन त्यांनी तिथल्या रहिवाशांची तपासणी केली आणि मोलाचे आकडे आणले. त्या ऑक्सफर्डमध्ये शिकल्या तेव्हा स्त्रियांना पदवी मिळत नसे. १९७२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. आमच्या विद्यार्थिनींनी हे नाव लक्षात ठेवावे.

हाल्डेन यांचे सगळेच बरोबर ठरले, असे नाही. फुप्फुसे गरज पडल्यास ऑक्सिजन स्वतःहून रक्तात ढकलतात, असे त्यांचे मत होते. डेन्मार्कमधील ऑगस्ट आणि मारी क्रोग या दांपत्याने व इंग्लंडच्या बार्क्रॉफ्ट यांनी प्रयोगांनी दाखवले की तसे नसून ऑक्सिजन केवळ दाबाच्या फरकाने जातो. हाल्डेन यांना ते अखेरपर्यंत पटले नाही. आज पाठ्यपुस्तकात क्रोग यांचेच म्हणणे आहे. मोठ्या नावापेक्षा प्रयोग मोठा असतो, हेही विज्ञानाने शिकवलेले आहे.

एप्रिल १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. चोपन्न वर्षांच्या हाल्डेन यांना तातडीने फ्रान्सला पाठवण्यात आले. वायू कोणता हे त्यांनी ओळखले आणि ऑक्सफर्डच्या घरी परत येऊन, स्वतः क्लोरीनच्या खोलीत बसून, बचावाचे मुखवटे तपासले. क्लोरीनने वायुकोशांत पाणी साचते आणि हवा व रक्त यांची गाठच पडत नाही. अशा सैनिकांना ऑक्सिजन देण्याचे उपकरणही त्यांनी बनवले. रुग्णाला मोजूनमापून सतत ऑक्सिजन देण्याची जी पद्धत आज प्रत्येक रुग्णालयात आहे, तिच्या आरंभात त्यांचा मोठा वाटा आहे.

१९३४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. वयाच्या पंचाहत्तरीत ते इराण आणि इराककडे गेले, तेल कारखान्यांतील कामगारांना होणाऱ्या उष्माघाताची पाहणी करायला. परतल्यावर त्यांना न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. बोगद्यात भाषण म्हणणारा तो जॅक म्हणजेच पुढे प्रसिद्ध झालेले जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. ते १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. मृत्यूनंतर आपला देह वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी द्यावा, असे त्यांनी लिहून ठेवले होते. वडिलांचा वारसा त्यांनी असा चालवला.

या चरित्रातून काय घ्यायचे, ते आम्ही थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यांनो, पोहताना पाण्याखाली जास्त वेळ राहण्याच्या पैजा लावू नका, आणि बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास तर मुळीच घेऊ नका. त्याने कार्बन डायऑक्साइड निघून जातो, ओढ उशिरा लागते आणि त्याआधीच शुद्ध जाऊ शकते. विहिरीत वा टाकीत कोणी पडले तर मागोमाग उतरू नका, ओरडून मोठ्यांना गोळा करा, अग्निशमन दलाला बोलवा. पालकांना विनंती की थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये आणि गॅसचा गिझर असलेल्या न्हाणीघरात हवा येण्या-जाण्याची वाट बंद करू नये. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे हीच त्या वायूची काय ती खूण असते, आणि हिमोग्लोबिन तोवर अडकलेले असते. विश्वस्त मंडळींपुढे डंडीच्या शाळांचे आकडे आहेतच. नवीन वर्गखोल्यांचा आराखडा बनेल तेव्हा आधी समोरासमोरच्या खिडक्या मोजाव्यात, मग बाके.

पन्नास मुलांच्या वर्गात पन्नास जणांचा श्वास एकच हवा वापरत असतो. ती स्वच्छ राखणे ही कोणा एकाची जबाबदारी नाही. उद्या सकाळी प्रार्थना झाल्यावर वर्गात जो पहिला पोहोचेल, त्याने आधी खिडक्या उघडाव्यात.